ओटीपी कुणालाच दिला नव्हता, तरी खातं रिकामं झालं

आमच्या मामांकडे साधा बटणांचा फोन आहे. यूपीआय नाही, इंटरनेट बँकिंग नाही, एटीएम कार्ड कपाटात पडलेलं. तरीही गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या बचत खात्यातून ४०,००० रुपये गेले, दहा-दहा हजार करून. ओटीपी सांगितला नाही की आपण सुरक्षित, असं अजून पुष्कळ लोक धरून चालतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात, त्यामुळे मामा ते उघडत नाहीत. नात सुट्टीला आली, तिने वाचले आणि घरात धावपळ उडाली. शाखेत पहिला प्रश्न आला, "काका, कुणाचा फोन आला होता ना? ओटीपी दिला असणार तुम्ही." मामा मान खाली घालून उभे राहिले. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच आरोपीसारखं उभं करायचं, याची मला अजूनही चीड येते.

पासबुक भरून घेतलं तेव्हा नोंदींपुढे 'एईपीएस' दिसलं. गावोगावच्या ग्राहक सेवा केंद्रांत अंगठा लावून पैसे काढतात, ती ही सोय. तिला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. ओटीपी नाही, पिन नाही. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० निघतात, म्हणून ते दहा-दहा हजार.

मामांचा ठसा नेमका कुठून गेला ते आजही कळलेलं नाही. पण जमिनीच्या खरेदीखतावर आधार क्रमांक आणि अंगठा दोन्ही एकत्र असतात. २०२३ मध्ये कर्नाटकात नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरच्या दस्तांतून असेच ठसे उचलून लोकांची खाती रिकामी केल्याचं उघड झालं होतं. पासवर्ड बदलता येतो, बोट कसं बदलणार?

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली ती आधारच्या संकेतस्थळावरची 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री'. आधार कधी, किती वाजता, ठशाने वापरलं की ओटीपीने, हे तिथे गेल्या सहा महिन्यांपर्यंतचं दिसतं. मामा शेतात होते त्या वेळेला त्यांचा 'अंगठा' लागलेला होता. ती प्रिंट जोडून बँकेत लेखी तक्रार दिली आणि प्रतीवर पोचशिक्का घेतला. तोंडी सांगण्यावर बिलकूल थांबू नका. १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांकही अर्जात लिहिला. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक अर्जासोबत लावलं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही, आणि चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, असं त्यात स्पष्ट आहे. मामांचे मेसेज जुने झाले होते, त्यावरून बँकेने बरीच ताणाताणी केली. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. पैसे आले, पण तोवर पेरणी उसनवारीवर झाली होती.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आजच करायची गोष्ट. एमआधार ॲपवर किंवा आधारच्या संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' आहे. ते लावलं की ठशाने काहीच होत नाही, ओटीपीची कामं मात्र चालू राहतात. एईपीएसची गरज नसेल तर ती सोय बंद करण्याबद्दल बँकेलाही लेखी विचारा. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं का, हे आधी विचारा. हॉटेलात, सिमकार्डच्या दुकानात पूर्ण क्रमांकाची प्रत सोडून येऊ नका.

एक अडचण आधीच सांगतो. लॉक असलं की रेशन दुकानातलं मशीन अंगठा घेत नाही, हयातीच्या दाखल्याच्या वेळीही तेच. तेव्हा तेवढ्या वेळापुरतं ते उघडावं लागतं, आणि त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. बऱ्याच वडीलधाऱ्यांचा तिथे जुना, बंद पडलेला नंबर असतो. तो आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या, नाहीतर लॉक लावताच येणार नाही.