बर्फाळ भागातली कमी चाललेली गाडी घ्यावी की कोरड्या भागातली जास्त चाललेली?

मीटरवरचा आकडा बघून तुझं मन बर्फाळ भागातल्या गाडीकडे ओढ घेतंय ते कळतंय, पण आधी खाली वाकून टॉर्च मारून बघ.

टिकाऊपणा म्हणशील तर, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी चाकाच्या कमानीत, दाराखालच्या पट्टीत, पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतं आणि गंज झपाट्याने वाढतो. तोही बऱ्याचदा आतून, म्हणजे वर पेंटला छोटासा फुगवटा दिसतो तोवर आतला पत्रा बहुतेक खाल्लेला असतो. कोरड्या भागातल्या गाडीला ऊन मारतं. रंग उडतो, डॅशबोर्डला चिरा जातात, रबराचे पाइप कडक होतात, पण सांगाडा सहसा शाबूत.

खर्चात खरा फरक इथेच आहे. रबर बदलता येतं, इंजिनचं कामही होतं. गंजलेल्या गाडीत साधा बोल्ट काढताना तुटतो आणि मजुरी वाढत जाते, ब्रेकचे लोखंडी पाइप गंजले असतील तर सरळ जिवाशी खेळ.

तपासायची मेहनत बर्फाळवालीला जास्त. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ठोकून बघ, टणटणीत आवाज यायला हवा. पापुद्रे गळाले तर सोड ती गाडी. खाली नुकताच काळा कोट मारलेला असेल तर गंज झाकलाय असा मला तरी संशयच येतो.

दोन-तीन वर्षंच वापरायची असेल, गंज वरवरचा असेल आणि किंमत चांगली उतरवून मिळत असेल तर बर्फाळवाली चालेल. आठ-दहा वर्षं ठेवायची असेल तर कोरड्या भागातलीच घे, मीटर जास्त असला तरी.