राणीची बाग, भायखळा: एकट्याने जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगते, पेंग्विन किती वाजता खातात, वाघ दिसतो का, लहान मुलांना घेऊन जावं का, असलं काही या रिव्ह्यूत नाहीये, त्यासाठी बाकीचे ढीगभर आहेत. हा रिव्ह्यू फेब्रुवारी ते एप्रिलच्या दिवसांत एकट्याने, फक्त झाडं बघायला जाण्याबद्दल आहे.

जानेवारीत माझ्या रूममेटचं लग्न झालं, ती गेली पुण्याला, आणि चिंचपोकळीच्या वन बीएचकेत मी एकटी उरले. काम वर्क फ्रॉम होम. म्हणजे दिवसभर हेडफोन लावून माणसांशीच बोलत असते, पण कॉल कट झाला की घरात फक्त पंख्याचा आवाज, आणि शनिवार-रविवार तर विचारूच नका. आईला फोनवर काही बोलावं तर तिच्याकडे एकच उपाय असतो, तो कुठला ते सगळ्या मुलींना माहितीये. बरं बाहेर जावं म्हटलं तर हॉटेलात एकटीने बसलं की वेटर दोनदा येऊन विचारतो, "और कोई आनेवाला है?" राणीच्या बागेच्या खिडकीवर "एक द्या" म्हटलं, ५० रुपये दिले, तिकीट मिळालं, विषय संपला. एक स्टार तर इथेच.

आत शिरलं की जवळजवळ सगळं पब्लिक पेंग्विनकडे वळतं. २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळायला लागले, गर्दीही तेव्हापासून तिकडेच. (मीपण एकदा जाऊन आले, तिथेही सगळे जोडीजोडीने उभे, म्हटलं चला.) तुम्ही तिकडे न जाता मोठ्या झाडांच्या बाजूला वळा. ही जागा मुळात बोटॅनिकल गार्डन म्हणून १८६२ साली सुरू झालीये, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, प्राणी मागाहून आले. त्यामुळे इथली कितीतरी झाडं आपल्या पणजोबांच्या काळातली असतील, आणि देशोदेशीची आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, बुंधा असा की आमच्या किचनमध्ये मावणार नाही. कैलासपती आहे, तो दक्षिण अमेरिकेतला, त्याला फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात आणि वास इतका जोरात की झाड दिसायच्या आधी नाकाला कळतं. फळं तोफगोळ्याएवढी असतात, त्यामुळे खाली बसून रील बनवायला जाऊ नका, डोक्यावर पडलं तर लागेल.

आता मुख्य मुद्दा. मुंबईत दोनच सीझन, उकाडा आणि पाऊस, असं आपण म्हणतो, पण फेब्रुवारी-मार्चला इथे या आणि वर बघा. आपल्याकडे पानगळ आणि पालवी जवळजवळ एकाच वेळी चालू असते, एका फांदीवरून पिकली पानं गळतायत आणि बाजूच्या पिंपळाला तांबूस कोवळी पानं फुटलेली, उन्हात चमकतायत. सीताअशोक बघा, खरा अशोक, सोसायटीच्या गेटजवळ उंच सरळ वाढतो तो नव्हे. त्याचे केशरी गुच्छ आधी पिवळसर असतात मग दिवसागणिक लाल होत जातात, आणि गंमत म्हणजे त्याला पाकळ्याच नसतात, आपण ज्याला पाकळ्या समजतो ती रंगीत निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारा भाग.

आणि उर्वशी नावाचं झाड. याच्यासाठीच खरंतर हे सगळं टाईप करतेय. मूळची ब्रह्मदेशातली, जंगलात आता फार क्वचित सापडते, आणि आपल्याला भायखळ्याला लोकलने येऊन बघता येते, हे किती लोकांना माहिती असेल? लाल फुलं, टोकाला पिवळा ठिपका, लांब देठांवरून खाली लोंबणारी. कोवळी पानं जांभळट तपकिरी, धुऊन वाळत घातलेल्या रुमालासारखी लटकतात, मला आधी वाटलं झाड सुकतंय. तिथे एक काका रोजचे फिरायला येणारे वाटले, ते म्हणाले, "सुकलं नाही हो ताई, तशीच असतात, आठ-दहा दिवसांनी या, हिरवी होऊन उभी राहतील." मग ते त्यांच्या वाटेने गेले. नाव विचारलं नाही, कुठे राहता विचारलं नाही, लग्न झालंय का तर मुळीच नाही. मी खरंच परत गेले, आणि पानं खरंच हिरवी झाली होती.

एकटेपणावर याचा उपयोग होतो का, तर माझ्या बाबतीत इतकाच झाला की आठवड्यातून एकदा मला कुठेतरी काहीतरी बघायला जायचं असतं. मागच्या वेळी कळी होती त्याचं काय झालं, तांबटाने वठलेल्या फांदीत भोक पाडायला घेतलं होतं ते पूर्ण झालं का. तांबट म्हणजे तो हिरवा छोटा पक्षी, कपाळावर लाल, गळा पिवळा, चिमणीपेक्षा थोडा मोठा. टुक टुक टुक करत बसतो, मिनिटाला शंभराच्या वर सहज, पण दिसायला वेळ लागतो, आवाजाच्या दिशेने बघत राहावं लागतं, आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काहीच येत नाही. बाकी घरी येऊन कुलूप आपणच उघडायचं ते आहेच, ते काही झाडं करत नाहीत. आणि खूपच जड वाटत असेल, झोप-जेवण उडालं असेल तर डॉक्टरकडे जा बाबांनो, बागेत नंतर.

प्रॅक्टिकल गोष्टी. बुधवारी बंद असते, पण बुधवारी सरकारी सुट्टी आली तर त्या दिवशी चालू आणि गुरुवारी बंद. भायखळा स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत जाता येतं. रविवारी दुपारी जाऊ नका, शाळांच्या ट्रिपा आणि फॅमिली पब्लिक, लोक जाळीपाशी उभे राहून प्राण्यांना हाका मारत असतात, तांबट कसला ऐकू येतोय. सुट्टी घेता आली तर मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी गेट उघडल्या उघडल्या जा, मार्चमध्ये अकरानंतर ऊन भाजून काढतं. बाटली, टोपी, आणि ज्यांना नावं कळत नाहीत त्यांनी झाडांवरच्या पाट्या वाचत हिंडा. वेळ उरला तर शेजारीच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, तेही बुधवारी बंद. म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून बेटाला इंग्रजीत एलिफंटा म्हणतात, लोक त्याच्या बाजूने सेल्फी काढत जातात आणि त्याच्याकडे बघत पण नाहीत.

पाचपैकी साडेचार, अर्धा उन्हाचा कापला. एप्रिलअखेर बहावा आणि ताम्हण फुलतील तेव्हा मी परत जाणार आहे, तुम्हीपण या, फक्त भेटलो तर बोलायलाच पाहिजे असं काही नाही.