खांद्यावरचा बिल्ला की पदकाची कड?
पणजोबा सैन्यात कुठल्या पलटणीत होते, हे शोधायचंय? त्यांच्या फोटोत खांद्यावरचा पितळी बिल्ला भिंगाखाली धरा. '११७' आणि 'मराठा' ही अक्षरं दिसली, तर फोटो बहुधा १९२२ आधीचा. त्या वर्षी ११७वी मराठा पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. पण बिल्ला पलटण सांगतो, माणूस नाही. एका रांगेत दहा जण, दहाही मिशीवाले!

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक ट्रंकेत असेल, तर त्याची कड उजेडात फिरवा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ब्रासो पॉलिश लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मी पदकालाच झुकतं माप देईन. मात्र पदक चुलत्याचंही असू शकतं, म्हणून कडेवरची पलटण बिल्ल्याशी जुळवाच.