फक्त ‘हो’ म्हणायचं होतं

गेल्या वर्षी आमच्या सोलापुरात गड्डा जत्रेची गर्दी ओसरत होती, तेव्हा आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वय बहात्तर. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलेलं होतं, त्यामुळे दवाखाना निभावला. खरा खर्च घरी आणल्यावर सुरू झाला. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर, भरवणं. ब्युरोच्या मावशी दिवसाला ५०० रुपये घ्यायच्या. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, म्हणजे पगार किती ते आलंच.

दवाखान्यात ओळख झालेला एक जण घरी आला. तिशीतला, बोलायला गोड. आधी आईच्या उशाशी बसला, ‘आजी, जेवलात का ओ?’ म्हणाला. मग टॅब काढून सांगू लागला. जपानात २००० सालापासून चाळिशीपुढच्या प्रत्येकाला सांभाळाच्या विम्याचा हप्ता भरावा लागतो. जर्मनीत हा विमा १९९५ पासून आहे, माणूस किती परावलंबी झालाय त्याच्या पाच श्रेण्या, त्याप्रमाणे मदत. ‘आता आपल्याकडं पण आलंय की दादा. ६० हजार एकदाच भरायचे, तीन महिन्यांनी महिन्याला १० हजार सुरू.’

जपान-जर्मनीचं मी नंतर तपासलं. ते सगळं खरं निघालं, खरं तेवढंच होतं. तिकडे तो कायद्यानं सक्तीचा विमा आहे. आपल्याकडे असा कायदाच नाही. आणि आपल्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये आंघोळ, कपडे, उठबस यांसाठी लागणारी मदत बहुधा वगळलेलीच असते. उपचार वेगळे, सांभाळणं वेगळं. हे मला ६० हजार गेल्यावर कळलं.

‘आजींच्या वयाला पॉलिसी निघत नाही, तुमच्या नावानं काढू, फायदा त्यांनाच,’ असं तो म्हणाला. मला खटकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा फोन येणार होता, म्हणून तो मुद्दाम घरी येऊन बसला. ‘काही विचारलं तरी फक्त हो म्हणा, नाहीतर फाइल अडकते.’ पलीकडची बाई भराभर वाचत होती. दहा वर्षं हप्ता भरायचा हे समजलं का? मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. मी ‘हो’ म्हणालो. त्या एका ‘हो’चं रेकॉर्डिंग आज माझ्याविरुद्ध उभं आहे.

पॉलिसी हातात आलीच नाही. ‘ऑफिसात आहे, आणून देतो.’ तीन महिने झाले, दहा हजारांचा पत्ता नाही, फोन बंद. बायको म्हणाली, शाखेत जाऊन विचारा तरी. गेलो. माझ्याच आयुष्याचा विमा निघाला, वर्षाला ६० हजार, दहा वर्षं. पॉलिसी ई-मेलनं पाठवल्याची नोंद होती. तो ई-मेल माझा नव्हताच. माझ्या नावापुढे चार आकडे जोडून त्यानंच उघडला होता. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. ते दिवस त्यानं असे खाल्ले.

म्हणून सांगतो, फॉर्मवरचा ई-मेल आणि मोबाइल स्वतःच्या हातानं लिहा. हप्ता किती वर्षं आणि विमा कुणाच्या नावाचा, हे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. कंपनीचा फोन आला की विकणाऱ्याला खोलीबाहेर काढा, वाईट वाटलं तर वाटू दे.

मी आधी कंपनीकडे लेखी तक्रार केली. ‘ग्राहकानं फोनवर संमती दिली होती,’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. माझ्याकडे पुरावा म्हणून त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा एकच मेसेज आहे, ‘दादा एकदाच भरायचे, टेन्शन नको.’ तो मी छापून जोडलाय. निकाल यायचाय.

परवा दुसऱ्या हप्त्याची आठवण करणारा मेसेज आला. आई अजून अडखळत विचारते, तो पोरगा आला नाही का रे परत?