नातीसाठी घेतलेल्या लाकडी रिंगा

नात सव्वा वर्षाची झाली तेव्हा दादरला, रानडे रोडवरच्या एका दुकानातून कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या, दांडीवर ओवायच्या लाकडी रिंगा घेतल्या. लाखेचा रंग, गुळगुळीत कडा. तोंडात घातल्या तरी जिवाला घोर नाही. आधी ती रिंगा नुसत्या काढून फेकायची. आता दांडीचं टोक न्याहाळत, जीभ बाहेर काढून, एकेक रिंग बरोब्बर ओवते. हात आणि डोळे जोडीनं कामाला लागतात ते असे! बटण दाबलं की गाणारी खेळणी हे काय शिकवणार?

तक्रार मात्र मोठी आहे: दांडीच्या टोकावरचा मणी घशात अडकेल एवढा लहान. तो मी काढूनच ठेवला. तीन वर्षांखालच्या बाळासाठी घेतोय म्हटल्यावर दुकानदारानं हे सांगायलाच हवं होतं. प्लास्टिकचं घेत असाल तर आयएसआयची खूण पाहा. २०२१ पासून ती सक्तीची आहे.