मोका चाचणीत कमी गुण: कटऑफ बघायचा की गुण कुठे गेले ते?

मॉन्ट्रियलमध्ये तयार झालेली मोका (MoCA) ही स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणारी छोटी चाचणी ३० गुणांची. २००५ च्या मूळ निकषानुसार २६ पासून पुढे सगळं ठीक; हाच कटऑफ. सातवी शिकलेल्या, सत्तरीतल्या आजींना २३ मिळाले की घरात लगेच अल्झायमरची कुजबुज सुरू होते.

कटऑफ लावणं झटपट होतं आणि गर्दीच्या ओपीडीत ते लागतंच. पण शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर मूळ निकषात सवलत फक्त एका गुणाची! चाचणीत सांगतात, घन काढा, अकरा वाजून दहा मिनिटांचं घड्याळ काढा. ज्यांनी वर्षानुवर्षं पेन्सिल धरलेली नाही, त्यांचे गुण इथेच जातात. त्यात स्मरणशक्तीचा काय दोष?

दुसरी पद्धत वेळखाऊ, पण मला तीच न्याय्य वाटते. त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या निरोगी लोकांशी तुलना करायची आणि गुण नेमके कुठे गेले ते बघायचं. पाच शब्द थोड्या वेळाने आठवलेच नाहीत, हिंट देऊनही नाहीत, तर ते जास्त गंभीर.

शिवाय गणित बघा. तळाचे ५ टक्के म्हणजे ‘कमी’ धरलं आणि दहा स्वतंत्र चाचण्या घेतल्या, तर ठणठणीत माणसांतही सुमारे ४० टक्क्यांना निदान एका चाचणीत कमी गुण मिळतील. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने आकडा थोडा उतरतो, इतकंच.

मात्र रोजचे हिशेब, औषधं चुकू लागली असतील तर २७ गुणांवरही निर्धास्त राहू नका. ऐकू येणं, बी-१२, थायरॉइड, नैराश्य आणि झोपेच्या गोळ्या तपासून घ्या. सहा-बारा महिन्यांनी चाचणी पुन्हा करा.