असायलमची केस: खासगी वकील, संस्था की एजंट? सोलापुरात बसून ठरवताना

"तिथं सरकारी वकील मिळंल की हो?" गेल्या महिन्यात एका आईनं विचारलं. मराठी कागदांचं इंग्रजी करून घ्यायला लोक माझ्याकडं येतात, आणि अधूनमधून अमेरिकेत असायलम, म्हणजे मायदेशी जिवाला धोका आहे म्हणून आश्रय, मागितलेल्या मुलांच्या घरचेही येतात. या बाईंच्या मुलानं जातीबाहेर लग्न केलं, धमक्या आल्या, मारहाण झाली, आणि आता तो तिकडं कोर्टाच्या तारखेची वाट बघतोय.

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडं १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज टाकला की झालं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टात वकील ठेवायचा हक्क आहे, पण सरकारी खर्चानं नाही. सरकारी वकील असतो खरा, तो समोरच्या बाजूनं उभा राहतो.

एजंटला आधीच निकालात काढू. तो आपली भाषा बोलतो, पैसे कमी सांगतो, आय-५८९ हा अर्ज दोन दिवसांत भरून देतो. पण कोर्टात तो उभा राहू शकत नाही. वर बऱ्याचदा गोष्ट छापील असते, फक्त नाव-गाव बदललेलं. अर्जात जाणूनबुजून रचलेली खोटी हकीकत आहे असं न्यायाधीशानं ठरवलं, तर इमिग्रेशनचे जवळपास सगळे रस्ते कायमचे बंद होतात, आणि भोगतो अर्जदार. अर्ज भरून देणाऱ्यानंही त्यावर सही करायची असते. "माझं नाव नको घालू" म्हणणारा भेटला तर तिथूनच उठावं. काही जण पत्ताही स्वतःचाच घालतात. मग नोटीस तिकडं जाते, पोरगा तारखेला गैरहजर राहतो आणि त्याच्यामागं हद्दपारीचा हुकूम निघतो.

उरले खासगी वकील आणि मोफत किंवा कमी फीत काम करणाऱ्या संस्था. खरी निवड यांच्यातच आहे.

संस्थेत बसणारी माणसं दिवसरात्र असायलमच्याच केसेस करतात. मला विचाराल तर कामाचा दर्जा फुकट मिळालेल्या गोष्टीसारखा अजिबात नसतो. कोर्ट स्वतः अशा संस्थांची यादी अर्जदाराला देतं. अडचण रांगेची. त्या प्रत्येक केस घेत नाहीत, आणि घेऊ म्हणाल्या तरी वेळ लागतो. इकडं घड्याळ चालूच असतं: अमेरिकेत पोचल्यापासून एका वर्षात अर्ज जायला हवा, अपवाद मोजके. रांगेत उभं राहिलं म्हणून ही मुदत थांबत नाही. आणखी एक बघायचं. संस्थेत वकील नसलेले, पण न्याय खात्यानं मान्यता दिलेले प्रतिनिधीही असतात. पूर्ण मान्यता असेल तर ते कोर्टात उभे राहतात, अर्धवट असेल तर नाही. हे स्पष्ट विचारावं, त्यांना राग येत नाही.

खासगी वकील पैसे भरले की कामाला लागतो. कुठल्याही एका राज्याची सनद असली तरी त्याला इमिग्रेशन कोर्टात चालतं, म्हणून शेजारच्या गावातलाच हवा असा हट्ट नको. त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर त्याचं नाव तपासता येतं, इथून मोबाईलवरसुद्धा. फी ठरवताना लेखी घ्यावं: फक्त अर्ज, की शेवटच्या सुनावणीपर्यंत? अपील त्यात आहे का? आणि कोर्टात ई-२८ कोण दाखल करणार? ते तिथलं वकीलपत्र. त्यावर ज्याचं नाव, तोच तुमचा वकील, फोनवर गोड बोलणारा नव्हे.

चांगल्या वकिलाची परीक्षा मी एका प्रश्नावर करतो. "सोलापूर सोडून पुण्याला का नाही गेला?" हे तिकडं विचारलं जातंच, कारण देशातच दुसरीकडं सुरक्षित राहता आलं असतं का, हे कोर्ट बघतं. पहिल्या दोन बैठकींत ज्यानं हे विचारलं नाही, त्यानं केस वाचलेली नाही.

माझा कल असा: वर्षाची मुदत संपायला अजून सहा-सात महिने असतील आणि पोरगा कोठडीबाहेर असेल, तर आजच चार संस्थांना फोन करावेत. मुदत तोंडावर असेल किंवा त्याला तिथल्या सरकारनं कोठडीत डांबून ठेवलं असेल, तर चादरीचा माग विकावा लागला तरी खासगी वकील करावा. डांबलेल्यांच्या तारखा फार भराभर लागतात.

आपल्या सोलापूरच्या वकिलाचं काम वेगळं. तो तिकडं उभा राहणार नाही, पण एफआयआरची प्रमाणित प्रत, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं त्यालाच काढता येतील. या बाईंच्या एफआयआरवर तारीख होती ०५/०७. अमेरिकेत ती मे महिन्याची सात तारीख वाचली जाते. मुलाच्या अर्जात मारहाण जुलैत. म्हणजे तक्रार मारहाणीच्या दोन महिने आधीची झाली! मी भाषांतरात महिना अक्षरी लिहिला, आणि बाईंना सांगितलं, मुलाच्या वकिलाला हे आजच कळवा. त्यांनी घड्याळ बघितलं. इथं दुपारचे तीन, तिकडं पहाट व्हायची होती.